पांढऱ्याचं माप

फलक वर ओढणाऱ्या माणसांना मी रस्त्यावरून ओरडून सांगत होते की तो पालथा लावा, म्हणजे निदान बघणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होणार नाही. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय. एकाने दोरखंड सैल सोडत विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, हा फोटो मी काढलाय. त्यावर तो मान वर करून फलकाकडे बघत म्हणाला, "छान आलाय की. एकदम पांढराशुभ्र."

त्या 'छान'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर मी एवढी चिडले नसते.

बंदराच्या मुख्य फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला दिसेल असा त्यांनी तो बसवला. जुन्या धक्क्याच्या दगडांवर बसलेले तीन समुद्रपक्षी, एकेक माणसाहून उंच, आणि तिघांच्या अंगावर मिळून एक पीस नाही. छातीवर नाही, पाठीवर नाही, मिटलेल्या पंखांवर नाही. तीन उशांना पिवळ्या चोची शिवून ठेवाव्यात तसे दिसत होते. खाली निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'स्वच्छ बंदर, शुभ्र पाहुणे'.

फोटो माझा होता आणि बिघडलेला होता. मी तो कोणालाही दिलेला नव्हता. कोणी नेला हे शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. बंदराच्या नोकरीतला एकच माणूस माझ्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला हात लावतो. तो माझा धाकटा दीर, बंदराच्या जनसंपर्क विभागातला.

बंदरामागच्या गल्लीत माझा स्टुडिओ आहे. माझ्या वडिलांचा होता, तो माझ्याकडे आला. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो मी काढते. या गावातल्या निम्म्या लोकांना मी सरळ बघा, हनुवटी खाली, हसू नका, असं दरडावलेलं आहे. माझ्या स्वभावाला हा धंदा मानवतो, असं आमचे हे म्हणतात. हसू नका म्हणायचे पैसे मिळणारी दुसरी नोकरी कुठे आहे, हेही तेच म्हणतात.

वडिलांनी मला शिकवलं ते पांढऱ्या पडद्यासमोर पांढरा शर्ट घालून बसलेल्या माणसांवर. शर्टाची कॉलर आणि पडदा एक झाले की मुंडकं हवेत तरंगताना दिसतं. वडील म्हणायचे, आधी पांढरं सांभाळ. काळोखात लपलेलं नंतर बाहेर काढता येतं, पण पांढऱ्यात जळून गेलं ते गेलंच, ते कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. बिघडलेले फोटोही ते फेकत नसत. एका खोक्यात ठेवत आणि अधूनमधून काढून बघत बसत. मी तेच करते, फक्त खोकं आता कॉम्प्युटरमध्ये आहे.

सुट्टीच्या दिवशी मी पक्षी काढते. कॅमेरा हुशार असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पांढरा समुद्रपक्षी काढून बघावा. पक्ष्यामागे काळं पाणी असलं की कॅमेऱ्याला अंधाराची दया येते, तो उजेड आत ओततो आणि पक्षी जळून जातो. मागे लख्ख आभाळ असलं की तोच कॅमेरा घाबरून डोळे मिटून घेतो आणि पक्षी राखेत लोळल्यासारखा येतो. म्हणून मी कॅमेऱ्याला विचारतच नाही. त्याच उन्हात एक पांढरा रुमाल धरायचा. रुमाल जितका उजळ करता येईल तितका करायचा, पण त्याची वीण दिसत राहिली पाहिजे. वीण दिसेनाशी झाली की उजेड पाऊलभर मागे घ्यायचा आणि मापाला तिथेच कुलूप लावायचं. मग मागे पाणी येवो नाहीतर आभाळ, पक्ष्याचं पीसन् पीस येतं. हीसुद्धा वडिलांचीच रीत.

रुमाल धरायचं काम यांचं. हे क्रेनचालक होते. कोळशाच्या ढिगावर उंच टांगलेल्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी उभी हयात काढली. जहाजातून उचलायचं, ढिगावर टाकायचं. मग दम लागायला लागला, क्रेनची शिडी चढवेना, आणि नोकरी मुदतीआधीच सुटली. त्यांच्याबरोबरचे सगळे या पक्ष्यांना 'साहेब' म्हणत. कपडे पांढरेफेक, दिवसभर मान ताठ, आणि मासा दुसऱ्याने पकडलेला. नोकरी सुटल्यावर हे माझ्याबरोबर धक्क्यावर यायला लागले. दगडावर बसून, हात लांब करून रुमाल धरायचा. मी 'झालं' म्हणेपर्यंत हात हलवायचे नाहीत. क्रेनवर बसणाऱ्याचा हात तो, स्थिरच असायचा.

ढीग मात्र वाढत गेला. आधी तो कुंपणाच्या आत होता, मग कुंपणाएवढा झाला, मग आमच्या खिडकीतून समुद्राऐवजी तोच दिसायला लागला. वाऱ्याच्या दिवसांत दारं-खिडक्या लावूनही सकाळी पाण्याच्या भांड्यावर बोट फिरवलं तर रेघ उठायची. गेल्या वाऱ्यात यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पुढचा वारा असाच गेला तर यांना झेपणार नाही. घर बदला म्हणाल्या. मी म्हटलं, ढीग बदला. त्यांनी माझ्याकडे दमलेल्या नजरेने बघितलं, पण मी काही चूक बोलले नव्हते. त्या ढिगावर छप्पर घाला, चारी बाजूंनी बंद करा, एवढीच आमच्या ओळीतल्या घरांची मागणी होती.

बंदराचं उत्तर ठरलेलं. धूळ कुंपणाबाहेर जात नाही. वाळत घातलेले कपडे नेले तर म्हणाले, कपडे सगळ्यांचेच मळतात. खोकला नेला तर म्हणाले, वय झालं. शेवटी मला कळलं की माणसाच्या खोकल्यासाठी त्यांच्याकडे कलम नाही, पण जुन्या धक्क्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी आहे. पक्ष्यांना त्रास होतोय असं दिसलं तर त्यांना ढीग झाकावा लागेल. मी म्हटलं, ठीक. आम्ही नाही तर नाही, साहेबांना पुढे करू.

आणि तिथेच मी चुकले. घरट्यांचा हंगाम सुरू झाला तसे आम्ही धक्क्यावर गेलो. यांनी दोरीवरचा रुमाल काढून खिशात घातला होता. धक्क्यावर तो धरला, मी वीण बघितली, कुलूप लावलं आणि फोटो काढत सुटले. भर उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही धड दिसत नाही. मी रुमालावर विसंबले. स्टुडिओत येऊन बघते तर सगळे पक्षी जळलेले. कधी नाही ते सगळेच्या सगळे. मी कॅमेऱ्याला बोल लावले, भिंगाला लावले, यांनाही लावले. मग रुमाल सहज टेबलावर टाकला, तो फोटो छापायच्या नव्या कागदावर पडला, आणि मला दिसलं. रुमाल पांढरा नव्हताच. धुतलेला होता, इस्त्रीचा होता, आणि राखी होता. आमच्या घरात पांढरं म्हणून जे काही होतं ते सगळंच रोज थोडं थोडं मळत गेलं होतं. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, सगळ्यांनी मिळून रंग बदलला, त्यामुळे डोळ्याला कशाशी ताडून बघावं हेच उरलं नाही. मळक्या रुमालाला मी पांढरं धरलं आणि त्याला उजळवण्याच्या नादात उजेड ओतला. त्या उजेडाने पक्ष्यांची पिसं खाल्ली आणि पिसांवरची धूळही खाल्ली.

दुसऱ्या खेपेला मी पाकीट फोडून नवा रुमाल नेला. तेव्हा खरं दिसलं. घरट्यांवर बसून राहिलेल्या माद्यांच्या पाठीवर, पिसाच्या कडेकडेने, काळपट रेघा जमलेल्या. चोच पोचते तिथे पिसं साफ केलेली, मानेमागे पोचत नाही तिथे तशीच. एकेक पीस मोजून घ्यावं असे फोटो होते. बंदराच्या कचेरीत आमच्या मागणीवर बैठक ठरली होती, तिच्यासाठी मी ते वेगळे ठेवले. जळलेले 'बिघडलेले' या नावाखाली ठेवले, वडिलांच्या रीतीने. त्यातलाच एक आता फाटकावर टांगलेला होता.

दीर संध्याकाळी घरी आला. मी बोलावलं नव्हतं, म्हणजे फाटकावरचं माझं ओरडणं त्याला पोचलं होतं. हे खाटेवर उशीला टेकून बसले होते. दीर त्यांच्या पायाशी बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की वरून घाई होती, पक्ष्यांचा फोटो हवा होता, तो स्वतः ओळखपत्राच्या फोटोसाठी स्टुडिओत आला तेव्हा मी पडद्याआड गिऱ्हाईक बघत होते, आणि वहिनीचा म्हणजे घरचाच फोटो, म्हणून विचारलं नाही.

"भावजी, त्यावर 'बिघडलेले' असं लिहिलं होतं. वाचता येतं ना तुम्हाला?"

"बाकीचे काळपट दिसत होते, वहिनी. हाच तेवढा उजळ होता."

काळपट का दिसत होते, ते मी त्याला ऐकवलं. आवाज शेजारपाजारी गेला असेल, जाऊ दे, त्यांच्याही खिडक्यांवर तीच धूळ आहे. तुमच्या भावाच्या छातीत जे आहे तेच त्या पिसांवर आहे, आणि तुम्ही ते पुसून फाटकावर टांगलंत, असंही म्हटलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला की त्याचे हात दगडाखाली आहेत. दादाला मुदतीआधी सोडताना जे काही मिळालं ते त्याच्याच धावपळीमुळे मिळालं, आणि पाण्यात राहून माशाशी वैर करणं त्याला परवडणारं नाही. हे खरंच होतं. खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. सरळ लबाड असता तर दारातून हाकलून दिला असता.

हे एवढंच म्हणाले, "चहा कर त्याला." मी केला नाही. दीर उठून गेला.

बैठक वारा सुरू व्हायच्या आधी होती. हे येणार म्हणून हट्ट धरून बसले. बंदराच्या कचेरीतला जिना चढताना त्यांना मध्ये दोनदा बसावं लागलं, वर खोलीत मात्र गारवा होता, खिडक्यांना रबर लावलेलं, टेबलावर धुळीचा कण नाही. बंदरप्रमुख बाई होत्या. त्यांनी यांना स्वतः उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, क्रेनवर किती वर्षं होता विचारलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि समोर चांगुलपणा निघाला. चांगुलपणाशी भांडायला मला कोणी शिकवलेलं नाही.

मी फोटो मांडले. बाईंनी एकेक हातात घेऊन खिडकीकडे धरून बघितला. दीर भिंतीला लागून मूग गिळून बसला होता. मग बाईंनी विचारलं की हे थोडे अंधारे नाहीत का. मी म्हटलं, नाही, बरोबर आहेत. त्यांनी शेजारच्या माणसाला खूण केली, त्याने फलकावरच्या फोटोची छोटी प्रत माझ्या फोटोंशेजारी ठेवली. तेच दगड आणि तोच धक्का.

"हाही तुम्हीच काढलाय ना?" बाई म्हणाल्या. "मग यातला खरा कोणता धरू?"

त्यात कुचका सूर नव्हता. प्रश्न रास्त होता, माझ्यासमोर कोणी असे दोन फोटो ठेवले असते तर मीही तोच विचारला असता. मी समजावायला लागले. काळं पाणी, लख्ख आभाळ, रुमाल, वीण. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं. दोन फोटो, दोन्ही मीच काढलेले, आणि माझ्या सोयीचा तो बरोबर, गैरसोयीचा तो बिघडलेला. जितकं खरं सांगत गेले तितकी ती सबब वाटायला लागली. आवाज चढला. शेजारचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला. मी म्हटलं, तुमच्या फलकावर पिसं नाहीत, पिसं नसलेला पक्षी बघितलाय का कधी, आणि तो माणूस हसला. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

तेव्हा हे बोलले. बसूनच बोलले, शब्दाशब्दाला थांबून.

"रुमाल मी धरला होता. मळका होता. मला कळला नाही." मग श्वास घेतला. "तिची चूक नाही."

 बाईंनी मान हलवली, आणि मला दिसलं की त्यांना एका आजारी माणसाने बायकोची बाजू घेतलेली तेवढी कळली. रुमाल मळका का होता, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. मला सांगायचं सुचलं नाही. धूळ कुंपणाबाहेर जाते याचा पुढे आलेला पुरावा माझ्या नाकासमोरून गेला आणि मी त्या हसणाऱ्या माणसाकडे बघत बसले होते. दिराला मात्र सुचलं होतं. त्याने खुर्चीतून अर्धवट पुढे होऊन तोंड उघडलं होतं, मी स्वतः पाहिलं. मग त्याने ते मिटलं.

ठरलं ते असं की फोटोंवरून काही सांगता येत नाही, पक्ष्यांच्या तज्ज्ञांना बोलवावं, आणि तोवर ढीग आहे तसा राहावा. तज्ज्ञ कधी येणार विचारलं तर बाई म्हणाल्या, वाऱ्याचे दिवस गेले की. पक्षीही तोवर निघून गेलेले असतील, हे त्यांना ठाऊक नसावं. मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घ्यायला लावलं.

जिना उतरताना मी यांच्यावरच चिडले. कशाला बोललात मध्ये, कोणी विचारलं होतं, चूक अंगावर घ्यायची हौस आहे का. ते कठड्याला धरून उतरत होते, उत्तर द्यायला त्यांच्याकडे श्वास नव्हता. शेवटच्या पायरीवर आल्यावर म्हणाले, "धरला तर मीच होता ना." मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

दीर मागून धावत आला. गाडीने सोडतो म्हणाला. मी म्हटलं, तोंड उघडलं होतंत ना वर? मग मिटलंत कशाला? तो उभा राहिला. दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत वर गेला. तो वर जाऊन काही बोलला असेल, असं हे आजही मानतात. मी मानत नाही.

आम्ही फाटकापर्यंत चालत आलो. फलकापाशी एक सफाईवाली उभी होती, लांब बांबूला ओलं फडकं बांधून फलक पुसत होती. आम्ही वर होतो तेवढ्यात तिचा एक पक्षी पुसून झाला होता, दुसरा अर्ध्यावर आला होता. डावीकडचा पांढराफेक, उजवीकडचा राखी, आणि मधल्याच्या छातीवरून फडक्याचा एक लख्ख पट्टा गेलेला. लावून झाल्यापासून रोज पुसावा लागतो, ती म्हणाली. वरून हुकूम आहे, पाहुणे पांढरे दिसले पाहिजेत. तिच्या हातांवरून काळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि तिला म्हटलं, बाई, जरा थांबता का. ती बांबू टेकून बाजूला झाली. फलकावरची धूळ हा काही पुरावा होत नाही, हे मला कळत होतं. त्याच खोलीत, त्याच टेबलावर हा फोटो ठेवला तर म्हणतील, रस्त्याकडेची पाटी आहे, मळणारच. कोणाला दाखवायचा म्हणून मी काढत नव्हते. मला फक्त एकदा तरी ती चूक दुरुस्त करायची होती.

कॅमेरा डोळ्याला लावला तर हे कडेने चौकटीत आले. खिशातून त्यांनी कागदाच्या घडीत ठेवलेला रुमाल काढला. दुसऱ्या खेपेचाच नवा रुमाल तो, धुऊन घरात, बंद कपाटात वाळवलेला, मला माहीत नव्हतं. फलकाच्या खालच्या कडेशी उभं राहून त्यांनी हात वर केला आणि रुमाल उन्हात धरला. मी वीण बघितली. एकेक धागा दिसत होता. उजेड पाऊलभर मागे घेतला, कुलूप लावलं, आणि फोटो काढला. वर धरलेला रुमाल हलत होता. त्यांचा हात मी कधी थरथरताना बघितला नव्हता.

"अहो, झालं. खाली घ्या."

त्यांनी घेतला नाही. दुसरा हात फलकाच्या खांबावर टेकवला, दम घेतला, आणि रुमाल होता तिथेच ठेवला.

"अजून एक काढ," ते म्हणाले. "मी धरतो."